सोपानरावांचा सातवा रॅक

पार्ट रॅकवर डोळ्यांना दिसतोय, संगणकही 'एक नग शिल्लक' म्हणतोय, आणि तरी तो तुम्हाला मिळणार नाही. शेवटचा नग सोपानराव कुणालाच देत नाहीत. "शेवटचा नग बियाण्याचा असतोय, जोशीसाहेब. बियाणं दळून खाल्लं तर पेरता काय?" असं म्हणून ते खिडकीतूनच मला वाट दाखवतात.

जालन्यातल्या आमच्या कार शोरूममध्ये ते पार्ट्स इनचार्ज आणि मी सर्व्हिस ॲडव्हायझर. म्हणजे गिऱ्हाइकाच्या शिव्या खायचं काम माझं, आणि त्या वेळेवर मिळतील अशी व्यवस्था त्यांची. भोकरदनच्या एका डॉक्टरांची गाडी वायपरच्या मोटरसाठी दोन दिवस उभी राहिली. मोटर समोर रॅकवर! डॉक्टरांना मी काय सांगू? "सांगा, परवा नवा माल येतोय. तवर पाऊस न्हाई." खरंच पडला नाही, त्यामुळे मला भांडायचीही सोय उरली नाही.

माणूस मूळचा वाटूरचा, शेतकरी घरातला. खरेदीही ते शेतीसारखीच करतात. काय मागवावं याची यादी दर सोमवारी संगणक देतो. ती ते चष्मा लावून वाचतात, "हे पुण्यात बसून पेरून राह्यलंय" म्हणतात आणि बाजूला सारतात. लग्नसराईच्या तोंडावर क्लच प्लेटा दुप्पट मागवतात, कारण एका गाडीत दहा वऱ्हाडी बसणार हे त्यांना ठाऊक असतं. एकदा कंपनीच्या गोदामातून फोन आला, एवढे हेडलाइट कशाला? "अंकुशनगरच्या कारखान्याकडं ऊस निघाला. ट्रॉलीला मागं दिवा नसतोय. पंधरा दिवसानं बोलू." पंधरा दिवसांनी आमच्या दारात नाक चेपलेल्या गाड्यांची रांग लागली होती. मला त्या वेळी त्यांचा राग यायला हवा होता, पण अभिमानच वाटला.

शोरूम वाढत गेलं. चार गाड्या उभ्या राहायच्या तिथे आता सोळा राहतात. मग नव्या मॅनेजर मॅडम आल्या. त्यांचा पहिलाच हुकूम असा की दोन वर्षांत न हललेला माल बाहेर काढा. आता महाभारत होणार म्हणून आम्ही सगळे चहा घेऊन तयारीत बसलो. पण सोपानरावांनी दोन दिवसांत सहा रॅकांवरचा पडून राहिलेला माल स्वतःच्या हातांनी काढला. सातव्याला मात्र हात लावला नाही. त्यावर कंपनीनं केव्हाच बंद केलेल्या एका छोट्या गाडीचं सामान होतं, आरशापासून वॉटर पंपापर्यंत, सगळं पुसून ठेवलेलं.

"काका, ही गाडी आपल्याकडे येते का?" मॅडमनी विचारलं.

"येईल."

"या महिन्यात एक जरी आली तर रॅक राहील. नाहीतर एक तारखेला जाईल."

"बराबर," सोपानराव म्हणाले आणि रॅकसमोर खुर्ची टाकून बसले.

मी संगणकात शोधलं. अशी एकच गाडी आमच्या नोंदीत होती, तीही तीन वर्षांपूर्वी आलेली. मालक वाटूरचा, आडनाव सोपानरावांचंच. त्यांना विचारलं तर म्हणाले, "एका आडनावाचे लई असतेत."

शेवटी आमचे जुने मेकॅनिक रहीमभाई बोलले. "धाकटा भाऊ हाय त्यांचा. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बिनसलं. नऊ साल झाले, बोलणं न्हाई. मागं गाडी घेऊन आल्ता, तर हे रॅकच्या मागं जाऊन बसले. पार्ट मात्र मागायच्या आधीच माझ्या हातात! त्यानंतर तो आलाच न्हाई."

मला फार वाईट वाटलं. मी वाटूरला फोन लावला, फुकट तपासणी आहे, गाडी आणा म्हटलं. भाऊ म्हणाला, "कशाची तपासणी? वॉटर पंप गेलाय. सामानच मिळत न्हाई म्हणतेत सगळे. परवा भंगारवाला नेणार हाय."

"पंप आमच्याकडे आहे की."

भाऊ एकदम म्हणाला, "त्यानं ठेवलाय व्हय? मंग त्यालाच सांगू द्या." फोन बंद.

मी हे सोपानरावांना सांगितलं. त्यांनी काउंटर पुसला. परत पुसला. पुसायला काही उरलं नाही तेव्हा म्हणाले, "लावा फोन."

स्पीकर चालू राहिला, तो माझ्या घाईनं. खाकरून ते म्हणाले, "पार्ट्स डिपार्टमेंटातून बोलतोय. आपल्या गाडीचा पंप तयार हाय."

भाऊ लगेच म्हणाला, "दादा, आवाज बसलाय तुझा. औषध घेतलंस का?"

अंगठ्यानं सोपानराव काउंटरची कड घासत राहिले. मग कसंबसं म्हणाले, "गाडी इकू नको."

"न्हाई इकत. उद्या आणतो. पण तू मागं जाऊन बसणार असशील तर न्हाई आणत."

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तर सोपानराव गेटवर उभे. वॉचमन म्हणाला, आठपासून उभे आहेत. अकराला ट्रॅक्टर आला, मागे टोचन लावून ओढलेली ती गाडी. भाऊ उतरला. तसंच नाक, तशीच चाल. दोघं एकमेकांकडे बघतच नव्हते. दोघांनी मिळून बॉनेट उचललं आणि दोघंही आत वाकले.

बराच वेळ कुणी वर आलं नाही. रहीमभाई पाना घेऊन निघाले होते. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "राहू द्या थोडा वेळ."