सात पिढ्यांचा फर्मा

एका जंगलात, मुलांनो, प्रत्येक बिळात एक दगडी ओटा होता आणि प्रत्येक ओट्याखाली एक सून होती.

का, ते सांगतो. मध्येच हात वर करू नका.

त्या जंगलात सिंक ओट्याच्या खालून बसवायची रीत होती. दगडाला भोक पाडायचं. सिंकची कड खालून दगडाला चिकटवायची आणि क्लॅम्पने आवळायची. मग ओट्यावर ओलं फडकं फिरवलं की खरकटं थेट सिंकमध्ये. छान रीत. अट एकच. भोक सिंकच्या कडेपेक्षा लहान हवं. मोठं पडलं तर सिंक चिकटणार कशाला? हवेला?

भोक आखायला पुठ्ठ्याचा एक फर्मा होता. जंगलाचे मुख्य मिस्त्री कासवअण्णा. त्यांच्या सात पिढ्यांमागच्या पूर्वजांनी तो पहिल्यांदा कापला. तेव्हा तो अगदी बरोबर होता. पण पुठ्ठ्याला वाळवी लागते. म्हणून दर खंडेनवमीला जुन्या फर्म्यावरून नवा कापायचा आणि त्याला हळदकुंकू वाहायचं. पेन्सिल बाहेरून फिरवायची. कात्रीही रेघेच्या बाहेरूनच चालवायची. आतून कापलं तर पूर्वजांना कात्री लागते, असं अण्णा सांगत.

असा फर्मा दर वर्षी केसभर वाढत गेला. सिंक काही वाढलं नाही. त्याला पूर्वज नव्हते.

मग भोकातून निसटणारं सिंक धरायचं कोणी? घरात सून आणतात ती कशाला!

अण्णांकडे टोकी नावाची साळिंदराची पोर सहा वर्षं दगड घासत होती. त्या वर्षी तिच्या हातात पहिल्यांदा कटर आलं. पहिलंच काम निघालं थोरल्या बिळातल्या भागूबाई साळिंदरांकडे. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, म्हणून नवा ओटा आणि नवं सिंक. नवरी होती टोकीची सख्खी धाकटी बहीण, रेशमी.

टोकीनं सिंक आधी नीट मोजलं. मग त्यावर पूर्वजांचा फर्मा ठेवला. सिंक कडेसकट झाकून गेलं.

"अण्णा, बघा ना. फर्मा सिंकपेक्षा दोन बोटं मोठा आहे."

अण्णांनी चष्मा पुसला. "सिंक लहान आलंय."

"अकरा घरांत अकराही सिंकं लहान आली?"

"हल्लीचा मालच तसा."

"मी नवा फर्मा कापलाय. सिंकवरूनच."

"सिंकवरून?" अण्णा हसले. "अगं, सिंक कालचं, फर्मा सात पिढ्यांचा. कोणी कोणाला विचारायचं? माझ्या पाठीवर जन्मापासून कडाप्पा आहे, टोके. मला दगड शिकवू नकोस."

एवढं बोलून अण्णा जेवले आणि पाय आत घेऊन झोपले. दुपारची झोप हा त्यांच्या अनुभवाचा मोठा भाग होता.

टोकीनं तेवढ्यात कटर चालवलं. तिच्या फर्म्याप्रमाणे. कड चिकटवली, क्लॅम्प आवळले, एक दिवस वाळू दिलं; कासवाची दुपार तेवढी लांबते. मग सिंक पाण्यानं काठोकाठ भरलं आणि स्वतः खाली जाऊन बसली. सिंक हललं नाही. थेंबही गळला नाही. टोकीला रडू आलं, ते आनंदाचं होतं.

भागूबाई वाकून बघू लागल्या. "हे खालून कोण धरतंय?"

"कोणी नाही. दगडालाच टांगलंय."

"मग सूनबाईनं बसायचं कुठे?"

"कुठेही बसू दे की."

"अगं बाई!" भागूबाई मटकन खाली बसल्या. "कुठेही?"

लगेच पंच जमले. अण्णांनी भोकावर पूर्वजांचा फर्मा ठेवला. जुळला नाही.

"भोक चुकलंय," अण्णा म्हणाले.

"पण सिंक बसलंय ना!" टोकी ओरडली.

"ते चुकून बसलंय."

पंचांनी माना डोलावल्या. टोकीच्या हातातलं कटर काढून घेतलं. मग अण्णांनी स्वतः भोक वाढवलं, फर्म्याबरहुकूम. सिंक दाणकन खाली आलं. अण्णांनी मान आत घेतली. धूळ बसल्यावर बाहेर काढली आणि म्हणाले, "हां. आता जमलं."

लग्न लागलं. रेशमीनं माप ओलांडलं आणि तशीच ओट्याखाली गेली. पाठीवर सिंक.

भागूबाई मायेनं म्हणाल्या, "काटे मिटून बस हो. स्टीलला ओरखडे पडतात. आम्ही नाही का धरलं तीस वर्षं? काही झालं का आम्हाला?"

काहीसुद्धा झालं नव्हतं. फक्त त्यांना मान वर करता येत नसे.

पंगत उठली. सिंकमध्ये पातेली चढू लागली. बासुंदीचं, मसालेभाताचं, मग कढईवर कढई. ओट्याला टेकून अण्णा आणि पंच विडा चघळत होते. टोकी वाकून ओट्याखाली शिरली.

"ताई, जड आहे गं," रेशमी म्हणाली.

"माहीत आहे."

"किती दिवस धरायचं?"

"घरात सून येईपर्यंत."

"कोणाची?"

"तुझी."

 रेशमीनं सगळे काटे उघडले आणि ती बाहेर आली.

धडाम्! सिंक, पातेली, कढया, सगळं खाली. बासुंदीचा लोट पंचांच्या धोतरापर्यंत गेला. भागूबाईंनी गळा काढला, "कार्टीनं घर बुडवलं हो!"

दोघी बहिणी पुढच्या दारानं निघून गेल्या. रेशमी ताठ चालत होती. पाठीला अजून सवय झाली नव्हती.

मागे पंचांनी कसून चौकशी केली. सिंक तपासलं. रेशमीचे संस्कार तपासले. टोकीची संगत तपासली. फर्मा तपासायचं कोणीतरी सुचवलं, तेव्हा अण्णांनी फर्म्याला हात जोडले. मग सगळ्यांनीच जोडले.

तात्पर्य : सिंक पडलं तर भोक मोजत बसू नये, मुलांनो. थोरांनी पाडलेलं भोक मोठं नसतं. खालून कोण उठून गेली, तेवढं शोधावं.