जाझचे पाच श्रोते

श्रीपतीने आयुष्यात दोनच लबाड्या केल्या, आणि त्या दोन्ही जाझपायी. लोणावळ्याच्या इंजिन शेडमध्ये तो फिटर होता. तिथल्या एका गोव्याच्या ड्रायव्हरने त्याला दोन-तीन वर्षं खोलीवर बसवून तबकड्या ऐकवल्या, आणि निवृत्त झाल्यावर तो तबकड्यांसकट मडगावला निघून गेला. श्रीपतीकडे राहिला तो नाद. एकट्याने नाद भोगणं फार वाईट. एखादी जागा आवडली की शेजारच्याच्या मांडीवर थाप मारून "वा!" म्हणावंसं वाटतं, आणि जवळच्या भुशी गावातल्या त्याच्या खोलीत शेजारी भिंत होती.

पासष्ट साली त्याने रेडिओ घेतला. समुद्रापलीकडचं एक स्टेशन दर रविवारी संध्याकाळी अर्धा तास जाझ लावी, फर्माइशीही घेई. अट एवढीच, की पत्रावर निदान पाच श्रोत्यांची नावं हवीत. श्रीपतीने आपल्या लाडक्या ट्रम्पेटच्या गाण्याचं नाव लिहिलं, सही केली आणि खाली न विचारता चार ओळखीचे लिहून टाकले: शेजारचा हौशीराम, त्याची बायको कस्तुराबाई, शेतकरी बजरंग आणि डोंगरावरच्या वाडीतला म्हातारा कोंडू.

महिन्याभराने पोचेचं कार्ड आलं. परदेशी तिकीट आणि टाइप केलेली पाच नावं. पोस्टमनने ती चहाच्या दुकानात मोठ्याने वाचली आणि बजरंगला दरदरून घाम फुटला. पवना नदीकडे त्याच्या मेव्हण्याचं नाव असंच एका यादीत आलं होतं, आणि मागोमाग जमीन धरणात गेली होती. चौघं श्रीपतीच्या दारात येऊन उभी राहिली.

"शिरपती, एक धरन हाय की आपल्याकडं! आनिक दुसरं कशाला?" बजरंग म्हणाला.

"धरन न्हाई. रेडिओ हाय."

"त्येला किती जमीन लागती?"

श्रीपतीने घाबरत घाबरत सगळं खरं सांगितलं. आता शिव्या बसणार म्हणून मान खाली घातली. पण हौशीरामचा चेहरा खुलत चालला होता.

"म्हंजी आमची नावं समद्या जगात ऐकू येनार?"

"व्हय."

"सरपंचाचं न्हाई ना त्यात?"

"न्हाई."

"मग आमी येतो."

आणि खरंच आले. एकाही रविवारचा खाडा नाही. कस्तुराबाई लेकीच्या लग्नातलं लुगडं नेसून, नथ घालून येई. बजरंग फेटा बांधून येई. कोंडू दाराशी गुडघ्यांत मान घालून बसे. श्रीपतीला तर हे सुख सोसवेना. सूर चढला की तो हौशीरामच्या मांडीवर थाप मारून "वा!" म्हणे, आणि हौशीराम दचकून विचारी, "आलं का नाव?"

"ह्यो भोंगावाला एवढा का कन्हतोय?" कस्तुराबाई विचारी. "पोट दुखतंय का त्येचं?"

"जीव तुटतोय त्याचा, वैनी."

"मग वैद्य न्हाई व्हय त्यांच्यात?"

भाताची लावणी झाली, कापणी झाली, मळणी झाली. नाव काही लागेना. पण आठ महिन्यांत मंडळींना गोडी लागली असावी, असं श्रीपतीला मनापासून वाटू लागलं. मग एका रविवारी ओट्यावर वहाणा चढवणाऱ्या हौशीरामचं बोलणं त्याच्या कानावर आलं.

"एकदा नाव लागू दे. मग ह्या रडगान्याला पुन्यांदा पाय ठेवला तर बग."

"कान किटलं रं माजं," बजरंग म्हणाला.

श्रीपतीला फार वाईट वाटलं. त्या रात्री तो जेवला नाही. ज्या फर्माइशीची एवढी वाट पाहिली, ती आता कधीच लागू नये असं त्याला वाटायला लागलं.

ती लागली माघात. निवेदकाने गाण्याचं नाव घेतलं, "लोणा" एवढंच तोंडातून काढलं, आणि श्रीपतीचा हात आपोआप गेला आणि त्याने रेडिओची खुंटी पिळली. खोलीभर खरखर भरली.

"काय झालं?" हौशीराम ओरडला.

"स्टेशन गेलं. ढगामुळं."

कस्तुराबाईने बाहेर डोकावून पाहिलं. आभाळ लख्ख होतं. श्रीपती खुंटीशी खोटी खोटी झटापट करत राहिला. आपलं गाणं या क्षणी साऱ्या जगात वाजतंय आणि फक्त आपल्याच घरात नाही, हे त्याला कळत होतं. स्टेशन पुन्हा लागलं तेव्हा दुसऱ्याच कुणाची फर्माइश चालू होती. तिघं कुरकुरत, "आता फुडल्या आयतवारी" म्हणत निघून गेली. कोंडू मात्र दाराशी तसाच बसून राहिला.

"आपलंच व्हतं न्हवं?" त्याने हळूच विचारलं.

श्रीपतीने रेडिओ बंद केला.

"तुजा हात बगितला मी."

"आबा, कुनाला सांगू नगा. नाव लागलं असतं तर पुन्हा कुनी आलं नसतं हितं."

"मी आलो असतो की." कोंडूने नाक पुसलं. "माजी म्हातारी हिरी गेल्यापून घरात रडाया लाज वाटती. सुना बगत्यात. हितं त्यो भोंगावाला रडतो, त्येच्या आडून माजं बी उरकतं."

आठ महिने तो हौशीरामच्या मांडीवर थापा मारत होता आणि श्रोता दाराशी बसला होता.

"पर आपलं गानं ऱ्हायलंच की रं," कोंडू म्हणाला. "कसं व्हतं ते?"

"आता कुटलं ऐकवू, आबा? वाजून गेलं ते."

"तुला येत आसंल की."

श्रीपतीने दार लोटून घेतलं. ओठांचा चंबू केला, गाल फुगवले आणि सगळं गाणं तोंडानेच वाजवलं. मधल्या अवघड जागेला हौशीरामची म्हैस गोठ्यातून हंबरली, तरी तो थांबला नाही. संपलं तेव्हा त्याला धाप लागली होती आणि हनुवटीवर थुंकी आली होती. कोंडूची मान गुडघ्यांतच होती.

"आजून एकदा म्हन," तो आतूनच बोलला. "रडू निम्म्यावर आलंय."