कान पाहणारे ढोबळेसर

आमच्या कॉलेजातले ढोबळेसर समोरच्या पुरुषाचं नाव विचारायच्या आधी त्याचा कान बघत. सरळ बाजूला जाऊन, मान वाकडी करून. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास मी धरमपेठेत त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायला आलो, तेव्हा माझेही दोन्ही कान तपासून झाले. "कोरे आहेत," म्हणाले आणि जरा हिरमुसले.

ते प्राणिशास्त्र शिकवत. पुरुषाच्या पेशीत वाय नावाचं गुणसूत्र असतं, ते बापाकडून फक्त मुलाला मिळतं. कानाच्या कडेवरचे दाट केस त्याच्याच बरोबर येतात, असं तेव्हा मानलं जाई. सर त्याच्याही पुढे निघून गेले होते. असे कान कोणकोणत्या गावांत सापडतात ते पाहत गेलं की हजारो वर्षांपूर्वी आपले खापरपणजोबा कुठून कुठे चालत आले ते कळेल, असं त्यांचं म्हणणं. "बाप विसरते गा, कान नाही विसरत."

एकदा सदर भागातल्या सलूनमध्ये दुसरा न्हावी शेजारच्या गिऱ्हाइकाच्या कानावरचे केस कापायला लागला, तर सरांनी अर्ध्या दाढीवरून उठून त्याचा हात धरला. "थांब गा. इतिहास कापून राहिला तू." गिऱ्हाईक घाबरून निघून गेलं.

मग खबर आली की खापा गावात दौलतजी नावाच्या म्हाताऱ्या विणकराच्या कानांवर झुडपासारखे केस आहेत. सर मलाही घेऊन गेले. दौलतजी मागावरून उठून ओसरीत बसले. सरांनी भिंग लावून कान पाहिला. म्हातारा हललाही नाही.

"तुमचे पूर्वज कुठून आले?" सरांनी विचारलं.

"कुठूनच नाही जी. बाप इथंच मेला, आजाही इथंच." मग त्यांनी सरांना निरखून पाहिलं. "तुमच्या कानाले तं एक केस नाही. तुमचे वडील कुठचे?"

सरांनी भिंग रुमालात गुंडाळलं.

"मले नाही मालूम. मी मायच्या पोटात होतो तवाच ते निघून गेले. कुठं गेले, कोणालेच नाही सांगितलं."

इतके दिवस शेजारी राहून मला हे ठाऊक नव्हतं. दौलतजी आत वळून सुनेला म्हणाले, "दोन ताटं अजून वाढ वं."

पुढच्या रविवारी सर इस्त्रीचा शर्ट घालून, हातात बालूशाहीचा पुडा घेऊन निघाले. मी विचारलं, "खाप्यात अजून कोणाचे कान राहिले?"

"कान नाही गा. त्यायनं जेवायले बोलावलं."

बस दुपारची होती. सर सकाळीच स्टँडवर जाऊन बसले.