दोन इंचांचं प्रतापनगर

जयवंतरावांच्या प्रतापनगर स्टेशनाला दर्शनी भिंत होती, छप्पर होतं, तिकिटाची खिडकीही होती. मागची बाजू तेवढी नव्हती. असायला जागाच नव्हती. बडोद्यात सुभानपुऱ्यातल्या त्यांच्या हॉलमध्ये भिंतीला एक फूट रुंदीची फळी ठोकायला निरुपमाबाईंनी परवानगी दिली होती, तीही "एक इंच पुढे आली तर मी करवत आणेन" या अटीवर. त्या फळीवर रूळ, फलाट आणि मेहुण्यानं अमेरिकेहून आणलेली छोटी गाडी मावल्यावर स्टेशनाच्या वाट्याला दोन इंच उरले. कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी बसवल्यापासून जयवंतरावांचा मुक्काम याच दोन इंचांत होता.

स्टेशन पातळ करायचं तर पुठ्ठा ताठ हवा. पेढ्यांच्या खोक्याचं स्टेशन जुलैत पोटातून फुगलं. नव्या शर्टातल्या पुठ्ठ्याचं ऑगस्टात मागे रेललं. बडोद्याच्या दमट हवेत सरळ राहिलेला असा एकच पुठ्ठा घरात होता आणि तो आजोबांच्या फोटोमागे होता.

हा फोटो म्हणजे घराण्याचं सर्वस्व. १९३२ सालचा, संस्थानाच्या हुजूर कचेरीतल्या मंडळींचा. दिवाणसाहेबांच्या उजव्या हाताला दुसऱ्या खुर्चीत विश्वासराव आजोबा बसलेले: फेटा, मिशा आणि धारदार नाक. घरात जन्मलेल्या प्रत्येक पोराचं नाक आजोबांवर गेलंय असं बाराव्या दिवशीच जाहीर होई. जयवंतरावांचं नाक चांगलं बसकं होतं, पण तेही आजोबांवरच गेलेलं होतं. दर दसऱ्याला फोटोला हार पडे. फोटोत कोण कोण आहे ते आजोबांनी स्वतःच्या हातानं मागच्या पुठ्ठ्यावर मोडीत लिहून ठेवलं होतं. मोडी घरात कुणालाच येत नव्हती, त्यामुळे त्याबद्दल कुणाच्या मनात कधी शंका आली नव्हती.

निरुपमाबाई भिशीला गेल्या असताना जयवंतरावांनी तो पुठ्ठा काढला, कापला आणि फ्रेमच्या पाठीला पेढ्यांचा फुगलेला खोका लावला. अक्षरांची बाजू त्यांनी स्टेशनात आतून ठेवली. म्हणजे नावं घरातच राहिली, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

स्टेशन पिवळं रंगवून वाळलं आणि त्याच आठवड्यात लेक अवंती म्हणाली, "बाबा, रविवारी क्षितिजचे आईबाबा येतायत."

"येऊ देत की."

"त्याच्या बाबांना घराणं बघायचंय. मी त्यांना आपल्या फोटोचं सांगितलं. ते दफ्तरखान्यात होते ने, त्यांना मोडी येते. मागची नावं ते स्वतः वाचणार."

जयवंतरावांच्या हातातला ब्रश फलाटावर पडला.

"दोन मुलींना त्यांनी घराण्यावरून नाही म्हटलंय," अवंती म्हणाली. "क्षितिजचं नि माझं ठरलंय, पण ते हो म्हणाल्याशिवाय त्याची आई हलणार नाही. माझं सगळं त्या फोटोवर आहे, बाबा."

शनिवारी जयवंतरावांनी फोटो चार स्क्रूंनी भिंतीत आवळून टाकला.

रविवारी गावाच्या दुसऱ्या भागातून, समाहून, क्षितिजचे आईबाबा बळवंतराव आणि मंदाताई आले. "केम छो, जयवंतराव?" म्हणत बळवंतराव बसले नाहीतच; चष्मा लावून थेट फोटोपाशी गेले. "वा! उतरवा बघू जरा."

"स्क्रू आहेत," जयवंतराव म्हणाले. "भूकंपासाठी."

"बडोद्यात?"

"सांगता येतं का? तुम्ही आधी गाडी बघा ने!"

त्यांनी बटण दाबलं. गाडी बोगद्यातून निघाली, प्रतापनगरला थांबली, पुन्हा निघाली. बळवंतराव लहान मुलासारखे खूश झाले. खाली वाकून त्यांनी स्टेशनाच्या खिडकीला डोळा लावला.

"आत वेटिंग रूमपण केलीय?"

"छे, छे. आत काहीच नाही. नुसतं तोंड आहे."

"मग हे छपराखाली मोडीतले खासगी कारभारी कोण बसलेत?"

गाडी फिरत राहिली.

"अहो," निरुपमाबाई म्हणाल्या. तेवढंच. मग त्या आत गेल्या, सुरी घेऊन आल्या आणि ती नवऱ्याच्या हातात दिली. जयवंतरावांनी आपल्या हातांनी प्रतापनगर उकललं आणि टीपॉयवर उलटं मांडलं. अवंतीच्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं की कशाचं, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

बळवंतराव तुकडे जुळवून वाचू लागले. "मध्ये दिवाणसाहेब. उजवीकडे पहिली खुर्ची, खासगी कारभारी. दुसरी खुर्ची..." ते थांबले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "फत्तेसिंहराव."

"कोण फत्तेसिंहराव?" जयवंतरावांनी विचारलं.

"माझे आजोबा."

सगळ्यांनी फोटोतल्या दुसऱ्या खुर्चीकडे पाहिलं आणि मग बळवंतरावांच्या नाकाकडे. संशयाला जागा नव्हती.

"आमच्याकडचा फोटो वाळवीनं खाल्ला," बळवंतराव हळूच म्हणाले. "मी त्यांना आज पहिल्यांदा बघतोय."

"मग आमचे आजोबा?"

पहिली रांग झाली, मागची रांग झाली. विश्वासराव कुठेच नव्हते.

"तिकिटाच्या खिडकीत कापले गेले असतील," जयवंतराव आशेनं म्हणाले.

"नाही, हे काय, फलाटाच्या पट्टीवर आहेत." बळवंतरावांनी पट्टी उजेडात धरली. "गैरहजर, विश्वासराव. कारण, जुलाब."

"म्हणूनच नावं लिहायला सवड मिळाली," निरुपमाबाई म्हणाल्या.

जयवंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बळवंतराव, आता काय सांगू? आम्ही फोटोतच नाही. पण यात पोरीचा काही दोष नाही हो."

बळवंतराव पुन्हा फोटोपाशी गेले. "दसऱ्याला हार घालता म्हणे?"

"दर वर्षी. आजोबा गेल्यापासून, पासष्ट वर्षं. चुकवला नाही कधी."

"पासष्ट वर्षं तुम्ही आमच्या आजोबांना हार घातलात. आम्ही एकदासुद्धा नाही. आता मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

अवंती रडता रडता हसली आणि मंदाताईंनी तिला जवळ घेतलं. फोटो अर्थातच समाला निघाला. ते चार स्क्रू काढायला मात्र पाऊण तास लागला, आणि मागचा पेढ्यांचा खोका बघून मंदाताईंना हसू आवरेना.

दसऱ्याला निरुपमाबाई सवयीनं हार घेऊन हॉलमध्ये आल्या, तर भिंतीवर फोटोच्या मापाचा फिकट चौकोन होता. जयवंतरावांनी स्टेशन पुन्हा जोडलं होतं. या वेळी फलाटाची ती पट्टी अक्षरं बाहेर करून स्टेशनमास्तरच्या दारावर लावली होती. निरुपमाबाईंनी हारातलं एक झेंडूचं फूल तोडलं आणि त्या दारापुढे ठेवलं.

"फोटो नसेना का," त्या म्हणाल्या, "अक्षर तर त्यांचंच आहे."

जयवंतरावांना भरून आलं. त्यांनी बटण दाबलं. फूल स्टेशनापेक्षा मोठं होतं. बोगद्यातून आलेली गाडी थेट झेंडूवर आदळली आणि डब्यांसकट आडवी झाली. विश्वासराव आजोबांच्या हजेरीचा तो पहिलाच दिवस होता.