मानदुखीचा तीन वर्षांचा अनुभव

फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला आणि अख्ख्या वर्गाच्या तोंडचं पाणी पळालं. नापास कुणीच झालं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. पास झालं की नोकरी शोधावी लागते, नोकरीला अर्ज लागतो, अर्जाला बायोडेटा लागतो आणि बायोडेट्यात काहीतरी लिहावं लागतं. माणसाच्या अंगातलं हाड न् हाड नावानिशी ओळखणारी ही मंडळी, पण स्वतःबद्दल चार ओळी लिहायची वेळ आली तशी पेनाची टोपणं चावत बसली. मग सगळ्यांना तंद्रीची आठवण झाली.

तंद्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. हजेरीत खरं नाव पुकारलं जायचं तेव्हा ती खिडकीबाहेर बघत असायची आणि शेजारणीने कोपर मारल्याशिवाय तिची 'हजर' काही यायची नाही, तेव्हापासून हे नाव तिला चिकटलं. मुलगी आळशी नव्हती, बिनडोक तर मुळीच नव्हती. तिचं मन फक्त लांबच्या रस्त्याने घरी यायचं. अशा माणसांना शब्द बरे सुचतात असा लोकांचा समज असतो, आणि तंद्रीने तो कधी खोडून काढला नव्हता.

सगळ्यांचे अर्ज एकाच ठिकाणी जाणार होते. बागेच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात एक जागा निघाली होती. बाकीच्यांना ती चालणार होती, तंद्रीला मात्र तीच हवी होती. येता-जाता ती त्या दवाखान्याच्या मोठ्या खिडकीपाशी थांबायची. आत लांबलचक दालन, लाकडी जमीन, तिच्यावर पसरलेलं सकाळचं ऊन, आणि दोन दांड्यांच्या मधून पाऊल टाकायला शिकणारी माणसं. एकदा तिथे एका गृहस्थाने दांडा सोडून एक पाऊल टाकलं आणि ते दुसऱ्याच कुणीतरी टाकल्यासारखं दचकून मागे बघितलं. त्या दिवशी तंद्रीची बस चुकली. नोकरी करायची तर इथेच, नाहीतर कुठेच नाही, असं तिने तिथेच ठरवून टाकलं.

दवाखाना चालवणाऱ्या मोठ्या बाईंची एक पद्धत होती. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येकाने आधी पत्र लिहावं, अशी त्यांची अट होती. पेशंटने लिहावं, नोकरी मागणाऱ्यानेही लिहावं. स्वतःच्या अक्षरात, सोप्या भाषेत, आणि मुद्दा पहिल्या ओळीत. उमेदवारांनी बायोडेटा त्याच कागदाच्या पाठीवर लिहायचा. आलेली पत्रं स्वागताच्या टेबलावरचे काका वाचत आणि दोन ट्रेमध्ये लावत. एक ट्रे पेशंटचा, एक नोकरीचा.

तंद्रीच्या घरातल्या जेवणाच्या टेबलाभोवती वर्ग जमला. पहिला आला लांबू. उंचीमुळे त्याला सगळीकडे वाकूनच शिरावं लागे. त्याने इंटरनेटवरून उतरवून आणलेला मजकूर खणखणीत आवाजात वाचला. "मी एक गतिमान, परिणामाभिमुख आणि उत्कट संघखेळाडू आहे."

"कुठल्या संघात खेळतोस?" तंद्रीच्या आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"संघात नाही हो काकू. तसं लिहायचं असतं."

"ते सगळं खोडून टाक," तंद्री म्हणाली. "बाईंना मुद्दा पहिल्या ओळीत लागतो. अनुभव लिही. तू जास्त काय बघितलंस?"

"पक्षाघात. दोन वर्षं त्याच वॉर्डात होतो."

तंद्रीने खिडकीबाहेर बघितलं, थोडी हरवली, परत आली आणि तिने झोकात ओळ सांगितली. "मला पक्षाघाताचा दोन वर्षांचा दांडगा अनुभव आहे."

"वा!" लांबू म्हणाला. 'दांडगा' हा शब्द तर त्याला फारच आवडला. मग कुणाला गुडघेदुखीचा अनुभव मिळाला, कुणाला कंबरदुखीचा, कुणाला खांदा आखडल्याचा. सरतेशेवटी तंद्रीने स्वतःचं पत्र लिहिलं. तिच्या वाट्याला मानेचे पेशंट जास्त आले होते. 'मला मानदुखीचा तीन वर्षांचा दांडगा अनुभव आहे,' ही ओळ लिहून झाल्यावर तिने ती पुन्हा वाचली आणि स्वतःवरच खूश झाली.

काकांनी पत्रं वाचली. म्हणजे पहिल्या ओळी वाचल्या. कागद उलटून बघायची त्यांना सवय नव्हती. इतक्या लहान वयात एवढी दुखणी बघून त्यांचा जीव कळवळला. सगळी पत्रं त्यांनी पेशंटच्या ट्रेमध्ये ठेवली आणि तातडीने फोन लावले.

"मंगळवारी सकाळी या," ते तंद्रीला म्हणाले. "सैल कपडे घालून या. जुने रिपोर्ट असतील तर आणा. आणि घरचं कुणीतरी सोबत आणा, एकट्याने येऊ नका."

"मुलाखतीला सैल कपडे?" आईने विचारलं.

"प्रॅक्टिकल घेणार असतील."

"आणि घरचं माणूस कशाला?"

पण हे विचारता विचारताच आईने कपाटातून चांगली साडी काढली होती. मुलीच्या मुलाखतीला जायला मिळतंय, हा मान आजवर कुठल्या आईला मिळाला असेल असं तिला वाटेना.

मंगळवारी दवाखान्याच्या बाकावर सगळा वर्ग सैल कपड्यांत बसला होता. काकांनी यादी हातात घेतली. "पक्षाघात कोण?"

"मी!" लांबू ताडकन उठला आणि ढांगा टाकत टेबलापाशी पोचला.

काकांच्या हातातली यादी खाली पडली. "अहो, सावकाश! जिना चढून आलात?"

"पळत आलो," लांबू नम्रपणे म्हणाला. काकांनी घाईघाईने चाकाची खुर्ची ओढली, त्याला खांद्याला धरून खाली बसवलं आणि त्याचे लांब पाय कसेबसे फळीवर ठेवले.

बाकावर कुजबुज सुरू झाली. तंद्रीचे डोळे मात्र चमकले. "कळलं का तुम्हाला?" ती हळूच म्हणाली. "आधी आपल्याला पेशंट करून बघतायत. दुखणं काय असतं ते ज्याला आतून कळेल, त्यालाच घेणार. किती सुंदर कल्पना आहे!"

कल्पना तंद्रीची असल्यामुळे सुंदर होती, आणि सगळ्यांना ती लगेच पटली. गुडघेदुखीवाली बाकावरून उठताना विव्हळू लागली. लांबूने एक हात लुळा सोडला आणि तोंड वाकडं केलं. त्याला आत नेताना काका पुटपुटले, "बघा, माझ्यादेखत वाढला."

तंद्रीला आणि आईला पडद्यापलीकडच्या एका खाटेपाशी नेलं गेलं. तिथे उपचार करणाऱ्या एक धाकट्या बाई होत्या, चेहऱ्याने शांत आणि हाताने उबदार. "त्रास कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्षं झाली," तंद्रीने खोल आवाज काढला. पेशंटचं काम करायचंच तर जीव ओतून करावं, असं तिने ठरवलं होतं.

"कशाने वाढतो?"

"लिहायला बसलं की."

"खिडकीत बसलं की पण," आई मध्येच म्हणाली. "दिवसभर मान वाकडी करून बाहेर बघत बसते हो. ताठ बस म्हणून सांगून माझी जीभ झिजली. ऐकेल तर शपथ! अशी मान घेऊन हिला नोकरी कोण देणार?"

आईला इतका सुंदर अभिनय येतो हे तंद्रीला ठाऊकच नव्हतं. तिने कौतुकाने आईकडे वळून बघायला मान वळवली, तर ती अर्ध्यातच अडकली. धाकट्या बाईंनी हनुवटीला बोट लावून म्हटलं, "डावीकडे." तंद्रीने नाटक बाजूला ठेवून खराखुरा जोर लावला. मान वळेना. धाकट्या बाई 'हं' म्हणाल्या, त्यांनी तिला पालथं झोपवलं, मानेवर गरम शेकाची पिशवी ठेवली आणि त्या निघून गेल्या. त्यांच्या पाठोपाठ आई दालन बघायला गेली.

पिशवीची ऊब खांद्यांवरून पाठीत उतरू लागली. कुठेतरी सायकलचं पायडल एका लयीत फिरत होतं. पडद्यावर उन्हाचा एक चौकोन हलत होता. याच दालनात आपण आहोत, खिडकीच्या आत, या विचाराने तंद्रीला इतकं सुख झालं की मुलाखत बाजूलाच राहिली. ती झोपली नाही. पण जागीही होती असं म्हणता येणार नाही. मग पडद्यापलीकडून आवाज येऊ लागले. एक मोठ्या बाईंचा होता, दुसरा कुणा वयस्कर गृहस्थाचा.

"तुम्हाला इथेच का यावंसं वाटलं?" मोठ्या बाई विचारत होत्या.

"खरं सांगू? दुसरीकडे मन रमेना. तिथे माणसाला हात लावायला कुणी तयार नाही हो. मशीन लावायचं आणि फोन बघत बसायचं."

"अगदी माझ्या मनातलं बोललात!" बाईंची खुर्ची करकरली. "वय जरा जास्त आहे तुमचं, पण तुमचं पत्र मला आवडलं. रोज यायला जमेल?"

"रोज यायला मिळालं तर सोनंच! घरी बसून अंग आंबून गेलंय."

"आमच्याकडे मेहनत फार आहे."

"करीन. रडत करीन, पण करीन."

"इतकं खरं आजवर कुणी बोललं नव्हतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "शेवटचा प्रश्न. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

"खाली वाकून मीच माझ्या बुटाची नाडी बांधतोय, असं बघतो," ते गृहस्थ म्हणाले. "सध्या सून बांधते. बिचारी तक्रार करत नाही. पण ती खाली बसली की मी छताकडे बघतो."

तंद्रीच्या डोळ्यांतून टपकन पाणी खाटेवर पडलं.

"फार खोलवरचं बोललात," मोठ्या बाईंचा आवाज जड झाला. "शोध संपला माझा. उद्यापासून या."

तंद्री खाडकन जागी झाली. जागा गेली! तिची जागा, तिची खिडकी, सगळं गेलं. पण त्याहून मोठी गोष्ट तिला त्याच क्षणी उमगली: हे गृहस्थ नोकरी मागायला आलेलेच नाहीत. गप्प राहिलं तर उद्या त्यांच्या हातात पांढरा कोट देतील आणि त्यांची नाडी तशीच राहील. मानेवरची पिशवी एका हाताने धरून ती उठली आणि पडदा सारून आत शिरली.

"बाई, हे पेशंट आहेत!"

"मग मी दुसरा कोण असणार?" ते गृहस्थ चकित होऊन म्हणाले. आयुष्यभर एका कचेरीत हेडक्लार्क होते ते.

"आणि तुम्ही कोण?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"मी उमेदवार."

पिशवीतून पाणी ठिबकत होतं. मोठ्या बाईंनी एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि काकांना हाक मारली. काका दोन्ही ट्रे घेऊन आले. नोकरीच्या ट्रेमध्ये एकच पत्र होतं, हेडक्लार्कांचं; त्यांनी दुखण्याचं पत्रसुद्धा कचेरीच्या थाटात लिहिलं होतं. 'सविनय सादर करतो की, आपल्या संस्थेत मला सामावून घ्यावे, ही नम्र विनंती.' पेशंटच्या ट्रेमधली पत्रं बाईंनी एकेक करून वाचली. पक्षाघाताचा दांडगा अनुभव, कंबरदुखीचा दांडगा अनुभव, मानदुखीचा दांडगा अनुभव. मग त्यांनी कागद उलटले. पाठीमागे सगळ्यांचे बायोडेटे होते.

"कुणी लिहिली ही?"

आतापर्यंत आई आणि धाकट्या बाईंसकट सगळा वर्ग पडद्यापाशी जमला होता. सगळ्यांनी तंद्रीकडे बघितलं.

"मी," तंद्री म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अनुभव म्हणजे उपचारांचा, असं म्हणायचं होतं. माझ्या डोक्यात ते होतं, कागदावर आलं नाही. बाई, यांची काही चूक नाही. यांच्या नीट मुलाखती घ्या. मला नका घेऊ."

"बाई, हिलाच घ्या," चाकाच्या खुर्चीतून उठत लांबू म्हणाला. "मघापासून मला डावी बाजू लुळी की उजवी, तेच आठवत नाहीये."

मोठ्या बाई हसल्या नाहीत. "एका ओळीत अख्खा वर्ग आजारी पाडलात तुम्ही," त्या तंद्रीला म्हणाल्या. "पडद्यामागून सगळं ऐकलंत ना? मग तोच प्रश्न तुम्हाला. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

एरवी तंद्रीने खिडकीकडे बघितलं असतं. आता मान तिकडे वळत नव्हती, समोर फक्त हेडक्लार्कांचे बूट होते.

"यांच्या समोर," ती म्हणाली. "जमिनीवर बसलेली. हे नाडी बांधतायत आणि मी हात मागे धरलेत. खूप वेळ लागतोय, पण मी मदत करत नाहीये."

हेडक्लार्कांनी चष्मा काढून पुसला.

"उद्यापासून या," मोठ्या बाई म्हणाल्या. "हेही येतील, पण पेशंट म्हणून, आणि ते तुमच्याकडेच."

"आणि हिची मान?" आईने विचारलं.

"ती आम्ही बघू," धाकट्या बाई म्हणाल्या. "पत्रातली पहिली ओळ शब्दशः खरी आहे तिची."

आता मात्र सगळे हसले. लांबूने तंद्रीला उचलायचा बेत केला, तो काकांनी हाणून पाडला. पक्षाघातावरचा त्यांचा विश्वास अजून पुरता उडाला नव्हता. या गडबडीत हेडक्लार्कांनी घसा साफ केला.

"म्हणजे माझी निवड रद्द झाली म्हणायची."

"अहो, पण तुम्हाला नोकरी नकोच होती ना?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"नकोच होती हो. पण जन्मात पहिल्यांदाच मुलाखतीत कुणी मला लगेच 'या' म्हणालं." ते खुर्चीत पुढे सरकले. "निवड झाली होती, एवढं लेखी मिळेल का? घरी दाखवायला."

मोठ्या बाईंनी कोरा कागद पुढे ओढला. तंद्री सवयीने पेन काढून लिहायला सरसावली, तशी बाईंनी ते हळूच तिच्या हातातून काढून घेतलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "हे मीच लिहिते."