गेले किती, आले किती?

नागभीडच्या स्टेशनासमोर दौलतभाऊंचं चहाचं हॉटेल होतं. तिथे चहा मिळायचा, पण आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. "गेले किती, आले किती?" लग्नाचं वऱ्हाड परतो, बांबू तोडणारे मजूर परतोत, की आमच्या शाळेचा कबड्डीचा संघ ब्रह्मपुरीहून हरून येवो, भाऊ बोटाने माणसं मोजत आणि आकडा जुळला की मगच किटली उचलत. एकदा स्मशानातून आलेल्या मंडळींनाही त्यांनी हेच विचारलं.

"एक कमी आला," त्यातले एक आजोबा खेकसले. "त्याच्याचसाठी तं गेलो होतो!"

स्वातंत्र्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. मी तिथल्या शाळेत चित्रकला शिकवायचो. दर रविवारी गाडीने एक साप्ताहिक यायचं. त्याच्या शेवटच्या पानावर एका धाडसी कप्तानाची चित्रकथा असे. भाऊंना अक्षरओळख बेताचीच, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. कप्तान मगरीशी झुंजला, जळत्या डोंगरावरून उडी मारून निसटला की सगळं हॉटेल टेबलं बडवायचं. भाऊ मात्र कपाळाला आठ्या घालून बसलेले.

"थे राहू द्या, मास्तर. नावाड्याचं का झालं?"

तिसऱ्या अंकात कप्तानाच्या नावाड्याचा पाय मोडला होता. 'इथेच थांब, मी येतोच,' असं सांगून कप्तान त्याला एका बेटावर ठेवून गेला, त्याला आता सहा महिने होत आले होते. चित्रकारसुद्धा त्याला विसरला असावा.

"भाऊ, गोष्ट कप्तानाची आहे."

"कप्तानाले का होते? थो मरत नाई. नावाडी का खाऊन राह्यला असंल, थे सांगा."

"नारळ!" मी चेष्टेने म्हणालो.

"पाय मोडला हाये त्याचा. झाडावर चढंल कसा?"

मी साप्ताहिकाची घडी घातली आणि चहा मागितला.

शेवटचा अंक आला. कप्तान हारतुरे घालून बंदरावर उभा. भाऊंनी चित्रातली माणसं मोजली. "गेले पाच, आले चार," म्हणाले आणि भर बाजाराच्या दिवशी त्यांनी भट्टी विझवली. गिऱ्हाइकं पांगली. मी हसतच विचारलं, "काऊन हो भाऊ, एवढा राग?"

"जवानीत मी मोजणीवाल्या साहेबासंगं भामरागडाकडे गेलो होतो, स्वयंपाकी म्हून. तापानं पडलो. साहेब म्हणे, इथीच थांब, हप्त्यानं नेतो. पावसानं रस्ते बंद झाले. मी रोज नदीवर जाऊन बसो. तिथल्या जंगलातल्या माडिया लोकायनं चार महिने पेज पाजली, म्हून जगलो. दिवाळीले पायी घरी आलो, तं साहेब कवाचे नागपूरले पोचले होते." त्यांनी विझलेल्या भट्टीतली राख उकरली. "कोणी मोजलंच नाई, मास्तर."

नारळाची चेष्टा आठवून मला फार लाज वाटली.

पुढच्या रविवारी मी एक चित्र नेलं. बेटाच्या किनाऱ्याला होडी लागली आहे, तिघे वल्ही धरून बसलेत आणि कप्तान नावाड्याला खांद्याचा आधार देऊन आणतो आहे. "एक पान राहून गेलं होतं, भाऊ," मी म्हणालो.

भाऊंनी ते बराच वेळ पाहिलं. "कप्तानाचं नाक चुकलं. हे तुमच्या हातचं हाये."

मी पकडला गेलो होतो. पण चित्र त्यांनी परत दिलं नाही. एकेकावर बोट ठेवत ते मोजू लागले. नावाड्यापाशी बोट थांबलं.

"पाच," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी किटली उचलली.