लग्न मोडल्याचे पेढे

आमच्या शेजारचे दिघेसर चिलटांची लग्नं जुळवायला बसायचे, आणि लग्न मोडलं की पेढे वाटायचे.

थट्टा नाही. पिकल्या केळ्यावर घोंगावतात ना, तीच चिलटं. बडोद्यात समा भागात आमची सोसायटी, भिंतीला भिंत लागून घरं. मी मकरपुऱ्याच्या कारखान्यातला फिटर, शाळा सातवीत सुटलेली. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेले, बिनलग्नाचे. त्यांच्या मागच्या खोलीत दुधाच्या काचेच्या बाटल्या, तोंडाला कापसाचे बोळे आणि आत चिलटं. समोरच्या इलाबेन गॅलरीतून विचारायच्या, "साहेब, लोको माखी मारे, तमे परणावो छो?" लोक माश्या मारतात, तुम्ही त्यांची लग्नं लावता?

सर गंभीरपणे सांगायचे, "बेन, ना परणे ए ज जोवानुं छे." लग्न होत नाही, तेच तर बघायचंय!

प्रकार असा होता. एकाच केळ्यावरची चिलटं सरांनी दोन घराण्यांत वाटली. एकाला गुळाचं खाणं, दुसऱ्याला ज्वारीच्या आंबिलीचं. पंधरा दिवसांत नवी पिढी. अशा कितीतरी पिढ्या वेगळ्या वाढवायच्या आणि मग दोन्हीकडची पोरं-पोरी एका बाटलीत सोडून बघायचं, एकमेकांना पसंत करतात का.

"जाधव, नवी प्रजाती आभाळातून पडत नाही," सर म्हणायचे. "आधी ताटं वेगळी होतात. मग सवयी वेगळ्या होतात. मग ओळख पुसते. एका फांदीवर शेजारी बसतील, पण सोयरीक नाही."

मला ते माझ्या परीनं पटलं. दोन बोल्ट दिसायला सारखे, पण एकाचे आटे इंचाचे, दुसऱ्याचे मिलिमीटरचे. जोर लावला तर दोन वेढे जातो नि अडकतो. घोडी-गाढवाचं तेच. खेचर होतं, पण खेचराला पुढं पोर नाही. हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जाधव, एवढ्या थोडक्यात मला तीस वर्षांत शिकवता आलं नाही." खोटं बोलले असतील, पण मी ते कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना सांगितलं.

आंबील करायची आमची सुमन. सर घडियाळी पोळ या जुन्या वस्तीतले पिढीजात बडोदेकर. आमटीत गूळ, भाजीत गूळ. आम्ही साताऱ्याकडचे, भाकरी-ठेच्याचे. "सर, गुळाची बाटली तुमची, ज्वारीची आमची," सुमन म्हणायची. "बघू या कुणाची पोरं ताठ निघतात."

सरांचा एकच मंत्र होता, "चमचा वेगळा!" गुळाचा चमचा आंबिलीत गेला, त्याला चिकटून एक अंडं जरी गेलं, तरी सगळी मेहनत बाद. ही सवय इतकी अंगात मुरली की सोसायटीच्या गणपतीत वाढणाऱ्यानं वरणाचा चमचा भाजीत घातला, तर सर पंगतीतून ओरडले, "चमचा वेगळा!" वाढणाऱ्याच्या हातातून भांडंच पडलं.

कोण कुठल्या घरचं ते कळावं म्हणून लग्नाआधी एका घराण्याला बीट घालून खायला द्यायचं. चिलटाचं पोट लाल दिसतं. मग सर भिंग घेऊन बसायचे, शेजारी सुमन. नर एक पंख पसरून तो थरथरवतो, ते त्याचं गाणं. पोरीला ते घरचं वाटलं तर ती थांबते. नाहीतर सरळ लाथ मारते.

"अहो सर, मारली!" सुमन टाळ्या वाजवायची. एकदा तिनं तोंडावर विचारलं, "सर, तुमचं का नाही झालं हो लग्न?"

सर भिंगातून मान न काढता म्हणाले, "वहिनी, मला तर कुणी लाथही मारली नाही."

बरीच वर्षं सरांच्या हाती काही लागलं नाही. गूळवाले ज्वारीवाल्यांशी खुशाल संसार करायचे. सर तोंड पाडून बसायचे, सुमन त्यांना चहा द्यायची. "दोन घरांचं जमतंय ते चांगलंच की!"

आणि एका थंडीत उलटं घडलं. ज्वारीच्या पोरी गुळाच्या नवऱ्यांना लाथा मारू लागल्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच. सरांनी पुन्हा लावून बघितलं, पुन्हा तेच. सर धोतर सावरत पेढे आणायला धावले. इलाबेननं विचारलं, "कोनां लगन?" सर म्हणाले, "तूटी गयां!" मोडलं! बिचारीनं पेढा हातात धरून आधी दुःख व्यक्त केलं.

"अजून ही प्रजाती नाही," सर मला म्हणाले. "ही नुसती वाट फुटली. पण फुटली ती वहिनींच्या आंबिलीवर." माझी बायको शाळेची पायरी न चढलेली. तिच्या पातेल्यातनं नवी वाट फुटली. माझी मान आजही त्यानं ताठ आहे.

पुढच्याच वैशाखात सुमन आजारी पडली.

उन्हाळ्यात सर बाटल्यांच्या खोक्यावर ओलं पोतं टाकायचे आणि ते सारखं भिजवायचे. बडोद्याचं ऊन चिलटांना सोसत नाही. पण तेव्हा ते सगळं माझ्या डोक्यात कुठलं? दवाखान्यात दुपारभर सर तिच्या उशाशी असायचे, मी जरा पाठ टेकावी म्हणून. ती गेली त्या दिवशी घरात चूल पेटवायची नव्हती, तेव्हा पिठलं-भात सरांनी आणला. पिठल्यात गूळ होता. तेराव्यापर्यंत ते उंबऱ्याजवळ खुर्ची टाकून बसले.

नंतर मी दार लावून घेतलं. एकटा भाकरी थापायचो, एकटा खायचो. एकदा दही घालून आंबवलेली आंबील उरली तेव्हा आठवलं, ज्वारीवाल्यांना कोण घालतंय? पातेलं घेऊन मी सरांच्या मागच्या खोलीत गेलो.

पोतं कडक वाळलेलं. बाटल्या धुऊन उपड्या मांडलेल्या. दोन्ही घराणी संपलेली.

"सर, कधी?"

"आपण दवाखान्यात होतो तेव्हा."

"अहो, पोतं भिजवायला यायचंत की. मी बसलो असतो तिच्यापाशी."

"वहिनी पाणी मागत होत्या," सर म्हणाले.

एवढ्या वर्षांचं काम, आणि माणूस जागचा उठला नाही. असा शेजार मोठमोठ्यांना मिळत नाही. मी टेबलावर पातेलं ठेवलं. "पुन्हा लावा. केळं मी आणतो, आंबील मी करतो, पोतंही मी भिजवतो."

"आधी जेवू," सर म्हणाले.

त्या दिवसापासून आम्ही एकत्र जेवतो. त्यांची गोड आमटी, माझा ठेचा. पहिल्या घासाला सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी ते खात राहिले. मग त्यांनी आमटीतला चमचा काढला आणि तोच ठेच्याच्या वाटीत घातला.

"सर, चमचा!"

सरांनी नाक पुसलं. "ते चिलटांना, जाधव," म्हणाले, आणि तोच चमचा माझ्या ताटात रिकामा केला.